आप्पांची २८ इंची, माझी उंची ५ फूट २ इंच आणि हातात साडेचार हजार : बिनगिअरची सायकल उभी करायची आहे

हळदगंध | ४ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी सांगलीत गावभागात राहते आणि मिरजेला एका प्रयोगशाळेत काम करते. घर ते काम साधारण ९ किलोमीटर. बसची वाट बघण्यात आणि दोन्ही टोकांना चालण्यात रोजचा पाऊण तास जातो. म्हणून सायकल हवी आहे, आणि तीही बिनगिअरची. भावाची १८ गिअरची सायकल मी वर्षभर चालवून बघितली. रस्ता सपाट, मध्ये एक रेल्वेचा पूल तेवढा चढाचा. वर्षभरात मी दोनच गिअर वापरले आणि मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) मात्र चार वेळा दुकानात नेऊन लावून घेतला. जे वापरत नाही त्याची दुरुस्ती कशाला करत बसायची, असं वाटायला लागलं.

आता मुख्य प्रश्न. आमच्याकडे आप्पांची २८ इंची काळी सायकल आहे. तिच्यावर त्यांनी २० वर्षं दूध घातलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा सायकल सहा दिवस पुराच्या पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर धुऊन भिंतीला लावली, ती अजून तिथेच आहे. आप्पांचे गुडघे आता साथ देत नाहीत. सायकल ते टाकू देत नाहीत आणि मलाही टाकायची नाही.

हीच दुरुस्त करून चालवावी, जुनी दुसरी बघावी, की नवी घ्यावी? खर्चायला ४५०० रुपये आहेत. जास्त नाहीत, आणि उसने घ्यायचे नाहीत.

नवी_करकरीत | ४ जानेवारी, रात्री १०.१५

मी स्पष्टच सांगतो, नवी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. साधी बिनगिअरची लेडीज सायकल तुमच्या रकमेच्या थोडीच वर मिळेल. महिनाभर थांबा, पैसे साठवा आणि घ्या. पुरात बुडालेल्या लोखंडावर पैसे घालणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं. मी एकदा जुनी घेतली होती. सहा महिन्यांत एकेक करून सगळं बदललं आणि नव्यापेक्षा जास्त पैसे गेले.

चाकजोडे | ४ जानेवारी, रात्री ११.०५

हळदगंधताई, आधी दोन मापं घ्या, मग बोलू.

पहिलं माप तुमचं. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा. एक जाड पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये वरपर्यंत दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर कुणाला तरी मोजायला सांगा. दुसरं माप सायकलचं. वरच्या आडव्या नळीपासून जमिनीपर्यंत. तुमचं माप नळीपेक्षा निदान एक इंच जास्त असलं पाहिजे. नसेल तर ती सायकल कितीही जवळची असली तरी तुमच्यासाठी नाही. चौकात अचानक थांबावं लागतं तेव्हा पाय टेकला नाही तर माणूस सायकलसकट आडवा होतो. इचलकरंजीत वडिलांचं दुकान होतं, तिथे असे बरेच जण गुडघे फोडून घेऊन आलेले बघितलेत.

नवी_करकरीत यांचा मुद्दा सगळाच चुकीचा नाही. जुन्या सायकलीत पैसे बुडतात ते बहुतेक वेळा एकाच कारणानं : माणूस सायकल रंगावरून घेतो. सीट काढून नळीत बोट घालून बघत नाही, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची मान तपासत नाही, मागचं चाक हलवून बघत नाही. हे बघून घेतलेली जुनी सायकल फसवत नाही.

हळदगंध | ५ जानेवारी, सकाळी ७.२०

मोजलं. माझं माप ७३ सेंटीमीटर. आप्पांच्या सायकलची नळी ८६. रात्री झोप नीट लागली नाही.

निवृत्त_टपालवाला | ५ जानेवारी, सकाळी ८.३०

बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. १३ सेंटीमीटरचा फरक जिद्दीनं भरून निघत नाही.

मी माण तालुक्यात ३१ वर्षं टपाल वाटलं, त्यातली २६ सायकलवर. माझी ॲटलास होती. ती कंपनी १९५१ साली सोनीपतला सुरू झाली, आणि तिचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला त्या दिवशी मी माझ्या सायकलीला हार घातला होता. तेव्हा तुझं मन मला कळतं. पण ऐक, माझ्या त्या सायकलीचा चिमटा दोनदा बदलला, रिमा तीनदा, आणि चेन तर किती त्याचा हिशोबच नाही. तरी ती माझीच सायकल राहिली. सांगाड्यावर जीव अडकवू नकोस. आप्पांच्या सायकलीतलं जे फिरतं आहे ते काढून घे आणि तुझ्या मापाच्या सांगाड्यात बसव.

चाकजोडे | ५ जानेवारी, सकाळी ९.१०

काकांनी मार्ग दाखवला, आता कामाचं लिहितो. जरा मोठं होईल.

आपल्या साध्या सायकलींची मापं जुन्या इंग्रजी मापांवरून आलेली आहेत आणि लुधियानाचे कारखाने आजही ती बरीचशी पाळतात. त्यामुळे फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरचं दातांचं चक्र, पायडल थांबलं तरी चाक फिरू देतं) आटे, कॉटरपिन (पायडलची दांडी आसाला धरून ठेवणारी पिन), छर्रे (बारीक लोखंडी गोळ्या), चेन यांत एका कंपनीचं दुसऱ्या कंपनीला सहसा चालतं. ही गरीब माणसाच्या सायकलची खरी ताकद आहे. गिअरच्या सायकलीत हे सुख नाही.

तुम्हाला हवी ती २६ इंची लेडीज सायकल, खाली उतरत्या नळीची. भंगारवाल्याकडे, दुरुस्तीच्या दुकानांच्या मागे, कॉलेजं संपली की हॉस्टेलांत पडलेल्या असतात. टायर फाटलेले, सीट नसलेली अशी बघा. तिचे टायर-सीट तसेही बदलायचे आहेत, मग त्यांचे पैसे का द्यायचे? सांगाडा, चिमटा, हँडल आणि ब्रेकच्या दांड्या एवढंच चांगलं हवं.

बघायचं काय? चिमट्याची मान, म्हणजे चिमटा सांगाड्याच्या पुढच्या नळीत शिरतो ती जागा. तिथे रंगाला आडवी बारीक भेग दिसली तर सायकल परत ठेवा, फुकट दिली तरी घेऊ नका. सांगाडा वाकलाय का ते दोऱ्यानं कळतं. मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेपासून दोरा पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणा. मग सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. पाच-सहाचा असेल तर सांगाडा कधीतरी धडकलाय. सीटचा दांडा अडकलेला असेल तर भाव निम्मा करा किंवा सोडा. गंजून बसलेला दांडा काढण्यात एक रविवार सहज जातो.

आणि मागची खाच आडवी आहे ना हे बघा. साध्या सायकलीत असतेच. बिनगिअरच्या सायकलीत चेन ताणायला चाक मागे सरकवावं लागतं, ते आडव्या खाचेतच जमतं.

आता आप्पांच्या सायकलीतून काय घेता येईल? पुढचा-मागचा हब (चाकाचा मधला भाग), चेनव्हील (पुढचं दातांचं चक्र) आणि क्रँक (पायडलची दांडी), घंटी. हब उघडून कोन आणि वाट्या, म्हणजे छर्रे ज्यांच्या मध्ये फिरतात ते भाग, बघा. पुरात गाळ आत जातो. गाळासकट चाक फिरवलं नसेल तर वाट्या वाचलेल्या असण्याची शक्यता चांगली आहे. कोनावर छर्र्यांच्या वाटेत खड्डे असतील तर कोन बदला, दहा-वीस रुपयांची गोष्ट आहे. वाटीत खड्डे असतील तर हब वापरायचा नाही, आठवण म्हणून ठेवायचा. छर्रे जुने परत घालू नका. पुढे दीड सुती (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), एका बाजूला १०. मागे दोन सुती, एका बाजूला ९. पायडलच्या आसाला दोन सुतीच, एका बाजूला ११.

एक गोष्ट लक्षात ठेवा : जुन्या हबला पुढे ३२ आणि मागे ४० भोकं असतात. नवीन रिम घेताना भोकं मोजून घ्या. हल्ली ३६-३६ चा माल बराच येतो, तो त्या हबवर बांधता येणार नाही.

भूमिती | ५ जानेवारी, दुपारी १.००

दातांचं गणित मी मांडतो. बिनगिअरच्या सायकलीत हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो आणि रोज भोगायचा असतो, म्हणून दुकानदारावर सोडू नका.

पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागा आणि चाकाच्या परिघानं गुणा. पायडल एकदा पूर्ण फिरल्यावर सायकल किती पुढे जाते ते मिळतं. आप्पांची सायकल ४८-१८ असणार, २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणजे एका फेऱ्यात जवळजवळ ५.९ मीटर. दुधाच्या किटल्या लावून हे ओढायचं म्हणजे मांड्या लोखंडाच्या हव्यात, आप्पांना माझा नमस्कार सांगा. २६ गुणिले १ ३/८ च्या चाकाचा परीघ सुमारे २.०७ मीटर. त्याला ४८-१८ लावलं तर ५.५ मीटर. ४८-२० लावलं तर जवळजवळ ५ मीटर. ४८-२२ ला साडेचार.

तुम्ही मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवलं, म्हणजे अगदी निवांत, तरी ४८-२० वर ताशी १८ किलोमीटर होतात. तुमचे ९ किलोमीटर अर्ध्या तासात. समोरून वारा असेल आणि पूल असेल तेव्हा २० दाती फ्रीव्हील १८ पेक्षा कितीतरी दयाळू वाटेल. लोक सपाटीवरच्या वेगाकडे बघून दात निवडतात. मी म्हणतो, रस्त्यातल्या सर्वांत वाईट २०० मीटरकडे बघून निवडा.

कालव्याकाठी | ५ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तहून. इथे माझ्या सायकलीला हँडलवर मागचा ब्रेकच नाही, पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. जुनी, बिनगिअरची. पावसात, बर्फात सगळं झाकलेल्या हबच्या आत असल्यामुळे ब्रेक तसाच लागतो. पहिल्या आठवड्यात सिग्नलला पायडल मागे फिरवून हव्या त्या जागी आणता येत नाही म्हणून अडखळायला होतं, मग सवय होते. फक्त चेन उतरली तर मागचा ब्रेकही गेला, म्हणून पुढे हाताचा ब्रेक असावाच.

हे सांगण्याचं कारण : हळदगंधताई, ब्रेकचं काय ठरवलंत? कुणी बोललंच नाही.

चाकजोडे | ५ जानेवारी, रात्री ९.२०

बरोबर बोललात, माझं राहिलं.

दांडीचा ब्रेक रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे हबकडच्या अंगाला दाबतो. वायरचा कॅलिपर ब्रेक रिमच्या दोन्ही कडांना दाबतो. रिमचा आकार त्यानुसार वेगळा असतो. दांडीच्या ब्रेकची रिम बाजूनं गोलसर असते, तिला कॅलिपर लावला तर तो पकडणारच नाही. सांगाडा दांडीच्या ब्रेकचा मिळाला तर रिमही तशीच घ्या. नवीन रबर घाला आणि पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा लागतो हे गृहीत धरून अंतर ठेवा. पुढे पाणी दिसलं की आधीच हलका ब्रेक धरून रिम पुसून घ्यायची सवय लावा.

टायरच्या बाबतीतही एक फसगत आहे. २६ गुणिले १ ३/८, २६ गुणिले १ १/२ आणि २६ गुणिले १.७५ ही तिन्ही 'सव्वीस' म्हणून विकली जातात आणि तिन्हींच्या रिमा वेगळ्या आहेत : ५९०, ५८४ आणि ५५९ मिलिमीटर. अपूर्णांक आणि दशांश एकच समजू नका. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत 'गुणिले' नंतर नाहीतर आडव्या रेघेनंतर हा आकडा बहुधा असतो, तो वाचून घ्या.

रानवाट | ६ जानेवारी, सकाळी १०.००

मी पुण्यात आहे. जुनी १८ गिअरची एमटीबी (डोंगरी सायकल) पडून आहे. हळदगंध यांच्या भावासारखीच. तिची बिनगिअर करता येईल का? खाच उभी आहे, चाक मागे सरकत नाही. चेन ताणायचा पुली लावलेला भाग विकत घ्यावा लागेल का?

भूमिती | ६ जानेवारी, सकाळी ११.३०

घेऊ नका. तुमच्याकडचा जुना मागचा डिरेलरच ते काम करेल. गिअरची वायर काढून टाका, डिरेलरचे दोन मर्यादा-स्क्रू फिरवून त्याची पुली मागच्या दातांच्या बरोबर रेषेत आणून तिथेच अडवा आणि चेन कापून आखूड करा. खर्च शून्य.

मागे दातांचा जुना गठ्ठा काढून एकच १८ दाती फ्रीव्हील घाला. पुढे तीन चेनव्हील असतील तर बहुधा मधलं चेनव्हील मागच्या दातांच्या जास्त रेषेत येतं, पण पट्टी लावून बघा. चेन तिरकी धावली की आवाज करते आणि लवकर झिजते. चेन नवी घेत असाल तर जाड, म्हणजे एक सुती रुंदीची घ्या. ती बारीक दातांवर चालते. बारीक चेन जाड दातांवर बसत नाही.

स्थिरचक्र | ६ जानेवारी, दुपारी ३.१५

फ्रीव्हीलच काढून थेट दातांचं चक्र घट्ट बसवलं तर? पायडल थांबलं की चाक थांबतं. ब्रेकचाही खर्च वाचेल. रानवाट यांनाही करता येईल.

चाकजोडे | ६ जानेवारी, दुपारी ४.००

नको. कळकळीनं सांगतो, नको. फ्रीव्हीलच्या हबला एकाच दिशेचे आटे असतात. पुढे पायडल मारताना चक्र आवळलं जातं, पण मागे जोर दिला की तेच चक्र सैल होऊन सुटतं. त्यासाठी हब वेगळा येतो, त्यावर उलट्या आट्यांची वेगळी आवळणी असते. साध्या हबवर चक्र वेल्ड करून फिरणारी पोरं मी बघितली आहेत. उतारावर वेल्ड सुटलं तर हातात काहीच उरत नाही. आणि पुढचा ब्रेक तर कुठल्याच सायकलचा काढू नये.

हळदगंध | १९ जानेवारी, रात्री १०.३०

दोन आठवडे शोधलं. मिरजेत एका भंगारवाल्याकडे २६ इंची लेडीज सांगाडा मिळाला, दांडीच्या ब्रेकचा, हँडल-चिमट्यासकट ९०० रुपयांना. १२०० म्हणत होते. मी दोरा घेऊन गेले होते, दोन्ही बाजूंना सारखं अंतर निघालं. सीटचा दांडा हातानं फिरला. दोरा ताणताना बघून दुकानातले काका स्वतः मदतीला आले आणि ३०० रुपये कमी केले.

पण आज एक घोळ झाला आणि रडू आलं. आप्पांच्या सायकलीचं मागचं चाक एका दुकानात हब काढायला दिलं होतं. त्यांनी सगळ्या तारा कापून हब मोकळा करून दिला. फ्रीव्हील हबवरच आहे, गंजून घट्ट बसलेलं, आणि आता ते म्हणतात निघणार नाही, हब टाकून द्या, नवीन २०० ला देतो. हब उघडून बघितला तर वाट्या आरशासारख्या आहेत. आता काय करू?

चाकजोडे | १९ जानेवारी, रात्री १०.५०

टाकू नका! उद्या कुणालाही हात लावू देऊ नका. रात्रभर फ्रीव्हीलच्या फटीत गंज सोडवायचं तेल घालून ठेवा. सकाळी लिहितो.

चाकजोडे | २० जानेवारी, सकाळी ६.४०

तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढायचं असतं. पूर्ण चाक असेल तर रिम धरून जोर लावता येतो, नुसता हब हातात धरून तो जोर मिळत नाही. आता उलट क्रमानं जायचं.

फ्रीव्हीलच्या तोंडावर दोन बारीक खड्डे असलेली गोल आवळणी दिसेल. तिचे आटे उलटे आहेत. खड्ड्यात पंच ठेवून हातोडीनं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ठोकत फिरवा, सुटेल. खाली मोठी परात ठेवा, कारण आतून बारीक छर्रे ओघळतील. ते जाऊ देत, हे फ्रीव्हील परत वापरायचं नाही. दातांचं बाहेरचं कडं निघून येईल आणि हबवर फक्त आतली बुटकी वाटी राहील. ती लहान असल्यामुळे हबच्या भोकांत तारा घालायला अडथळा येणार नाही.

आता नवीन रिम त्याच हबवर बांधून घ्या. पूर्ण ताण द्या, आऊट काढा, म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढा. मग ती आतली वाटी मोठ्या शेगड्यात, म्हणजे बाकावरच्या व्हाइसमध्ये, घट्ट पकडा. चाक वर आडवं राहील. दोन माणसांनी रिम धरून बसच्या स्टिअरिंगसारखी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेनं फिरवायची. सुटताना 'खट्ट' असा मोठा आवाज येतो, घाबरू नका.

निवृत्त_टपालवाला | २० जानेवारी, सकाळी ८.००

चाकजोडे, तुमच्या वडिलांनी तुम्हाला नीट शिकवलं आहे.

हळदगंध | २५ जानेवारी, रात्री ९.१५

निघालं!! आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्या दादांच्या व्हाइसमध्ये. मी आणि भाऊ दोन बाजूंनी. तिसऱ्या झटक्याला 'खट्ट' झालं आणि आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. आवाज ऐकून त्यांना वाटलं हब फुटला.

हबच्या आट्यांना काही झालेलं नाही. ग्रीस लावून नवीन २० दाती फ्रीव्हील हातानंच शेवटपर्यंत फिरवून बसवलं.

रत्नांगणी | २६ जानेवारी, सकाळी ९.००

वाचून फार आनंद झाला. आम्ही किनाऱ्यावर राहतो, खारं वारं सायकल आतून खातं. एक सांगते. पायडलचा आस काढलेला असेपर्यंत सांगाड्याच्या नळ्यांत जाडसर तेल ओतून सांगाडा सगळ्या दिशांना फिरवा, मग निथळू द्या. खाली आसाच्या घरात पाणी निघायला छोटं भोक आहे का बघा, असेल तर ते गाळानं बुजलेलं नसावं. पाऊस सीटच्या नळीतून आत उतरतो आणि तिथेच साचतो. लोक बाहेरचा रंग जपतात आणि सायकल आतून जाते.

निवृत्त_टपालवाला | २६ जानेवारी, दुपारी १२.३०

कॉटरपिनबद्दल कुणी बोललं नाही, आणि साध्या सायकलीत सगळ्यात जास्त त्रास तीच देते. बाळ, नीट वाच.

क्रँक आणि आस यांना धरून ठेवणारी ती तिरकी घासलेली पिन. ठोकताना क्रँकच्या खाली लोखंडी पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवून ठेव, म्हणजे हातोडीचा मार छर्र्यांवर जाणार नाही. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेनं बसतात. सारख्या बसवल्या तर पायडलं सरळ रेषेत येत नाहीत, वेडीवाकडी दिसतात. नट आवळून पिन ओढायची नाही. आधी ठोकून बसवायची, मग नट. ५० किलोमीटर झाले की पुन्हा ठोक, पुन्हा आवळ. तेवढं केलंस तर पुढे वर्षभर बघावं लागणार नाही. सैल पिनेवर चालवलंस तर आठवड्याभरात पिन आणि आस दोन्ही खराब.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि आसाच्या उजवीकडच्या वाटीचेही. जोर लावायच्या आधी दिशा आठव.

आणि बाभळीचा काटा. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवायचा. काटा असेल तिथे कापूस अडकतो. बोटानं शोधलास तर काटा बोटात.

नवी_करकरीत | २६ जानेवारी, रात्री ८.१०

मी पहिल्या दिवसापासून धागा वाचतो आहे. माझी जुनी सायकल मी का गमावली ते आता कळलं. चेन झिजलेली असताना मी नुसतं फ्रीव्हील बदललं होतं, दोन महिन्यांत तेही घसरायला लागलं. चेन झिजली हे ओळखायचं कसं?

भूमिती | २६ जानेवारी, रात्री ८.४०

फूटपट्टीनं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा, चोविसावी पुढची पिन बरोबर १२ इंचांवर यायला हवी. अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदला, दातं वाचतील. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल तर दातंही चेनसोबत झिजलेली असतात, तेव्हा नुसती चेन किंवा नुसतं फ्रीव्हील बदलून उपयोग होत नाही. तुमचं नेमकं हेच झालं असावं.

हळदगंध | ८ फेब्रुवारी, दुपारी ४.००

सायकल उभी राहिली. कुणाला उपयोग होईल म्हणून हिशोब देते.

सांगाडा ९००. दोन रिमा ७००, बहात्तर तारा निपलांसकट ३५०, दोन्ही चाकं बांधणं आणि आऊट काढणं ४००. टायर-ट्यूबच्या दोन जोड्या ११००. फ्रीव्हील १५०, चेन २००, पायडलचा आस-वाट्या-छर्रे १८०, कॉटरपिना ३०, ब्रेकरबर ६०, सीट २५०. एकूण ४३२०. उरलेल्या १८० मध्ये ग्रीस, तेलाची बाटली आणि पंक्चरचं सोल्युशन आलं.

हब दोन्ही, चेनव्हील, क्रँक आणि घंटी आप्पांची. सीटमध्ये पैसे वाचवले ते चूक केली असं वाटतंय, ती बदलेन. टायरमध्ये वाचवले नाहीत ते बरं केलं. दुकानदार ३०० रुपयांनी स्वस्त जोडी देत होता, तिचा रबर नखानं दाबला तर खूण राहत होती.

चेन कापणं मी स्वतः केलं. जोडकडीची (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) पकड लावताना तिचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवलं. मागचं चाक सरकवून चेन ताणली, पण पायडल फिरवताना एका जागी ती ताठ होत होती आणि समोरच्या जागी ढिली. चेनव्हील अगदी गोल नाही, असं आप्पा म्हणाले. त्यांनीच सांगितलं की सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे सैलपणा ठेवायचा, नाहीतर चेन छर्र्यांना ओढत राहते. मी नट आवळले. त्यांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली, वाकून चेनच्या मध्यावर अंगठा दाबला आणि म्हणाले, "चार सूत. आता ठीक आहे."

आज सकाळी विश्रामबागपर्यंत जाऊन आले. पुलावर उद्या.

चाकजोडे | ८ फेब्रुवारी, दुपारी ४.२५

पूल बसून चढवा, उभं राहू नका, कॉटर अजून नवीन आहेत. ५० किलोमीटरला कॉटर, आणि १०० झाले की चाकांचा ताण पुन्हा बघा. नवीन बांधलेल्या चाकात तारा बसतात आणि सैल होतात. दोन-दोन तारा चिमटीत धरून दाबत जा, एखादी जोडी बाकीच्यांपेक्षा मऊ लागली तर फोटो टाका, मी बघतो.

हळदगंध | ९ फेब्रुवारी, रात्री ८.५०

३२ मिनिटं. बसून चढले. उजव्या क्रँकमधून प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' येतोय, कॉटरच का?

निवृत्त_टपालवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ९.०५

तीच असणार. उद्या पायडल मारण्याआधी पाइप टेकवून दोन ठोके दे आणि मग नट आवळ. तरीही आवाज राहिला तर उजव्या पायडलचे छर्रे बघ.